चौथ्या वर्षाचा प्रबंध : कोल्हापुरी बोलीतला एकच प्रश्न धरा

तुम्ही पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. टी.वाय.बी.ए. चालू आहे, मुख्य विषय मराठी, पुढच्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ करायचं ठरलंय. ‘कोल्हापुरी बोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास’ हा विषय मनात आहे, घरही त्याच जिल्ह्यात आहे. कॉलेजात भाषाविज्ञानाचा वेगळा विभाग नाही. सुरुवात कुठून करावी, किती लोकांशी बोलावं, आणि पदवीच्या पातळीवर खरंच काही नवं हाती लागतं का?

शेवटच्या शंकेचं उत्तर आधी देते. हो, लागतं. मराठीच्या बोलींमध्ये रोज ऐकू येणाऱ्या पण कुणी नीट मोजून न पाहिलेल्या इतक्या गोष्टी आहेत की विशीतल्या, कान तयार असलेल्या माणसाला मोठी संधी आहे. बोली बोलणाऱ्यांच्या घरात वाढलेली मुलं यात माझ्यासारख्यांच्या पुढे असतात. पण त्यासाठी आत्ताचा विषय सोडावा लागेल. ‘कोल्हापुरी बोलीचा अभ्यास’ म्हटलं की एक प्रकरण इतिहास-भूगोलाचं, एक उच्चारांचं, एक शब्दसंग्रहाचं, एक म्हणींचं, आणि शेवटी ‘ही बोली रांगडी पण गोड आहे’ असा निष्कर्ष. असे प्रबंध मी भरपूर वाचले आहेत. त्यात मेहनत असते, प्रेम असतं, पण चूक ठरू शकेल असं एकही विधान नसतं. चूक ठरू शकेल असं एक विधान घेऊन वर्षभर त्याचा पाठलाग करणं, एवढंच या वर्षात करायचं आहे.

नियमांचं आधी उरकते. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनाची वाट घेता येते, आणि पदवीच्या १६० श्रेयांकांपैकी (क्रेडिट्सपैकी) १२ श्रेयांक प्रबंधाचे असतात. ते दोन सत्रांत कसे विभागले आहेत, तोंडी परीक्षा कधी, हे तुमच्या विद्यापीठाच्या परिपत्रकात बघा. १२ श्रेयांकांत किती काम मावतं याचा अंदाज मात्र आत्ताच घ्या, कारण सत्र सुरू झाल्यावर इतर विषयही असतात.

आता प्रश्न कसा काढायचा. तुमच्याच घरातून एक घेऊ. कोल्हापूरकडच्या बऱ्याच बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी बसलो होतो’ म्हणतात. पुण्यामुंबईच्या प्रमाण मराठीत तिथे ‘आले’, ‘जाते’, ‘बसले होते’ येतं. हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, सिनेमा-मालिकांत त्यावर विनोदही होतात. पण ठाऊक असणं आणि माहीत असणं यांत फार अंतर आहे. प्रत्येक बाई प्रत्येक वेळी ‘आलो’ म्हणते का? आई म्हणते आणि कॉलेजात जाणारी मुलगी म्हणत नाही, असं आहे का? की मुलगी घरी ‘आलो’ आणि वर्गात ‘आले’ म्हणते? वर्तमानकाळात आणि भूतकाळात प्रमाण सारखंच आहे का? यातला एक प्रश्न म्हणजे एक प्रबंध.

आधी व्याकरण नीट मांडून घ्या, कारण इथेच निम्मा प्रबंध आहे. या बोलीत लिंगभेद गेला असं म्हणता येत नाही. ‘ती आली’ तिथेही ‘ती आली’च आहे, तिचं ‘ती आला’ होत नाही. म्हणजे प्रश्न प्रथमपुरुषी एकवचनाचा आहे. दुसऱ्या पुरुषात, बाईला ‘तू’ म्हणताना, काय होतं हे गृहीत धरू नका, ते वेगळं तपासा. मग बघा की प्रथमपुरुषात लिंग दिसतं तरी कुठे. ‘मी जाईन’ यात दिसत नाही. ‘मला जायचंय’ यात नाही. ‘मी भाकरी केली’ हा कर्मणी प्रयोग, इथे क्रियापद भाकरीमागे जातं, बोलणारी बाई की पुरुष याचा पत्ता लागत नाही. ‘आम्ही गेलो’ तर प्रमाण मराठीतही बायका-पुरुष दोघांचं सारखंच. म्हणजे तुमच्या कामाचे उरले वर्तमानकाळ (जातो/जाते, करतोय/करतेय), अकर्मक क्रियापदांचा भूतकाळ (आलो/आले, बसलो/बसले), रीतिभूतकाळ (जायचो/जायचे) आणि ‘होतो/होते’ची रूपं. यांच्यासोबत ‘पिणे’, ‘विसरणे’, ‘शिकणे’ अशी थोडी क्रियापदं, जी कर्म असूनही भूतकाळात कर्त्यामागेच जातात: मी चहा प्यायले, मी नाव विसरले. आणि ‘म्हणणे’कडे विशेष लक्ष द्या. ‘मी म्हणाले’ तुमच्या कामाचं आहे, ‘मी म्हटलं’ अजिबात नाही, आणि गप्पांमध्ये दुसरंच पैशाला पासरी मिळतं.

हे आधी न मांडता मुद्रणाला, म्हणजे बोलणं रेकॉर्ड करायला, गेलात तर काय होतं ते सांगते. विद्यार्थी विचारतो, ‘काल दिवसभर काय काय केलंत?’ बाई सांगते, ‘धुणं धुतलं, भाकऱ्या थापल्या, जनावरांना वैरण घातली, मग आम्ही बाजारला गेलो.’ सुंदर मराठी, तासभराचं मुद्रण, आणि तुमच्या प्रश्नासाठी हाती शून्य. सगळी क्रियापदं एक तर कर्मणी, नाही तर आम्हीची. त्याऐवजी ‘लहानपणी शाळेला कशा जायचा?’, ‘तुम्ही एकट्या कधी लांबच्या प्रवासाला गेला होता का?’, ‘सकाळी उठल्यापासून तुमचं कसं कसं असतं?’ असे प्रश्न लागतात, जिथे बाई एकटी आणि हलती-चालती आहे. उठणं, जाणं, थांबणं, घाबरणं, पडणं, दमणं ही क्रियापदं यावीत अशा गोष्टी विचारा. पहिली एसटी, पहिली नोकरी, रस्ता चुकल्याचा प्रसंग, अशा आठवणींनी चांगलं काम होतं. सीमेलगतच्या कुणाच्या तोंडी ‘मी भाकरी केलो’ अशी रचना कानावर आली तर ती वेगळ्या वहीत लिहा. तो शेजारचा आणि फार मोठा प्रश्न आहे, या वर्षी त्याच्यामागे जाऊ नका.

एक गोष्ट कधीच विचारायची नाही: ‘तुम्ही आलो म्हणता की आले?’ त्या क्षणापासून ती बाई स्वतःच्या तोंडावर पहारा ठेवते. अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम लॅबॉव्ह यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन डिपार्टमेंट स्टोअरमध्ये केलेलं काम यासाठी जरूर वाचा. लोक ‘आर’चा उच्चार करतात की गाळतात हे त्यांना हवं होतं. त्यांनी चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूचा पत्ता विचारला, ‘फोर्थ फ्लोअर’ हे उत्तर ऐकलं, न ऐकल्यासारखं करून पुन्हा वदवून घेतलं, आणि कोपऱ्यावर जाऊन टिपलं. तीन दुकानांत मिळून २६४ माणसं. दुकान जितकं उच्चभ्रू, तितका ‘आर’ जास्त. यंत्र नाही, पैसा नाही, फक्त प्रश्नाची आखणी अचूक. पदवीच्या विद्यार्थ्याला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आधी कुणी काय केलंय ते बघायला हवं, पण वाचनात सत्र घालवू नका. ग्रियर्सन यांच्या ब्रिटिशकाळातल्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीचा खंड, म्हणजे सातवा, १९०५ चा आहे. त्यात नमुना म्हणून ठिकठिकाणच्या बोलींत बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट उतरवून घेतली आहे. त्या गोष्टीत बोलणारे बाप, मुलगे आणि एक नोकर. बाई स्वतःबद्दल काय म्हणते, हे त्या गोष्टीतून कळणं शक्यच नाही. अशी फट दिसली की थांबून लिहून ठेवा, तुमच्या प्रस्तावनेचा एक परिच्छेद तिथे तयार झाला. भाषावैज्ञानिक अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात कुडाळी, महाडकडची कुणबी अशा बोलींची वर्णनं केली, त्यांतून बोलीचं वर्णन कसं रचतात ते शिका. डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानं केलेलं मराठीच्या बोलींचं अलीकडचं सर्वेक्षण ऑनलाइन खुलं आहे. तुमच्या जिल्ह्यातली मुद्रणं तिथे आधी ऐका आणि एकेका व्याकरणिक वैशिष्ट्याच्या नोंदी वाचा. तुमच्या प्रश्नावर तिथे काही सापडलं तर निराश होऊ नका. मोठं सर्वेक्षण जिल्ह्याजिल्ह्यात फिरतं. तुम्ही एका गावात वर्षभर थांबू शकता, एकाच घरातल्या तीन पिढ्या ऐकू शकता.

किती जणी? एक गाव, दोन वयोगट, समजा पंचविशीच्या आतल्या आणि पन्नाशीच्या पुढच्या, प्रत्येक गटात आठ ते दहा. एवढं पुरे. याच्यावर जाण्याचा मोह टाळा, कारण एका तासाचं मुद्रण नीट उतरवायला सात-आठ तास सहज जातात. प्रत्येकीकडून मोजता येतील अशी किमान वीस-तीस रूपं मिळाली पाहिजेत. पाच रूपांवरून कुणाचीही टक्केवारी काढू नये.

माहितीच्या तक्त्यात वय, शिक्षण, व्यवसाय सगळेच लिहितात. त्यात माहेर लिहा. हे मी दर वर्षी सांगते आणि तरी सुटतंच. पन्नाशीची बाई ‘या गावची’ म्हणून तुम्ही नोंदवता, पण ती वीस वर्षांची होईपर्यंत कोकणात किंवा बेळगावकडे वाढलेली असू शकते, तिचं बोलणं तिथलंही असेल. आपल्याकडे गावातले पुरुष बहुधा जन्माने गावचे आणि बायका बहुधा लग्नाने गावच्या. परदेशी पुस्तकांतला नमुना-निवडीचा तक्ता उचलून आणला की ही गोष्ट त्यात नसते. माहेर कुठलं, लग्न होऊन किती वर्षं झाली, सासूचं माहेर कुठलं, एवढं विचाराच. दोन बायकांमधला जो फरक तुम्ही शिक्षणाच्या खाती टाकणार होता, तो कधीकधी माहेराचा निघतो.

मुद्रण फोनवर चालेल, पण व्हॉइस मेसेज पाठवून मागवू नका, त्यात आवाज दाबला जातो. डब्ल्यूएव्ही स्वरूपात, म्हणजे आवाज न दाबता, साठवणारं ॲप घ्या, फोन विमान-मोडवर टाका, पंखा आणि टीव्ही बंद करायची विनंती करा, फोन बोलणाऱ्या बाईजवळ ठेवा. त्याच रात्री दोन ठिकाणी प्रत काढा. ऐकून लिहून काढायला इलान आणि आवाज बारकाईनं बघायला प्राट, ही दोन्ही संगणकावरची सॉफ्टवेअर मोफत आहेत. तुमच्या प्रश्नाला इलान पुरेल. मशीनकडून मजकूर उतरवून घेण्याचा मोह होईल. निदान मोजायची रूपं तरी स्वतःच्या कानांनी ऐका. प्रमाण मराठीवर पोसलेलं यंत्र प्रमाण रूप लिहून मोकळं होऊ शकतं, आणि तुम्ही नेमकं तेच मोजायला निघाला आहात. माणसाचा कानही अपेक्षेप्रमाणे ऐकतो, विशेषतः घाईत म्हटलेलं ‘चाललोय’. म्हणून दहावा हिस्सा मुद्रण मैत्रिणीला स्वतंत्रपणे उतरवायला द्या आणि जिथे दोघींचं जुळत नाही तिथे पुन्हा ऐका.

संमतीबद्दल ठाम आहे. कॉलेजात नीतिसमिती असेल तर मुद्रणाआधी मंजुरी घ्या, नसेल तर मार्गदर्शकांची लेखी संमती तरी असू द्या. बायकांना कागदावर अंगठा-सही मागण्यापेक्षा सोप्या मराठीत वाचून दाखवा आणि त्यांचा होकार मुद्रित करा: कशासाठी, कोण ऐकणार, नाव कुठे येणार नाही, कधीही थांबवता येईल, नंतरही नको म्हणता येईल. अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी पालकांची संमती. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे: या तुमच्या मावश्या-काकवा आहेत. त्या तुम्हाला नाही म्हणू शकत नाहीत. म्हणून त्यांना नाही म्हणायची वाट तुम्हीच मोकळी करून द्या. घरातल्या भांडणाची, आजाराची गोष्ट बोलण्याच्या ओघात आली तर तो भाग उतरवूही नका.

आणि प्रबंधात ‘अशुद्ध’, ‘अपभ्रष्ट’, ‘गावंढळ’ हे शब्द तुमचे म्हणून येता कामा नयेत. बायका स्वतःच म्हणतील, ‘आमचं कसलं बोलणं, आम्ही अडाणी.’ ते त्यांचं वाक्य म्हणून अवतरणात घ्या, तो पुरावा आहे. पण ‘मी आलो’ म्हणणारी बाई चुकत नाही. ती तिच्या बोलीचा नियम पाळते आहे, आणि तो नियम नेमका काय आहे हे सांगणं तुमचं काम.

मोजणीत बहुतेक जण एका ठिकाणी अडकतात. वीस बायकांची प्रत्येकी तीस रूपं म्हणजे सहाशे रूपं झाली, पण ती सहाशे स्वतंत्र साक्षीदारांची नव्हेत, वीसच जणींची आहेत. सहाशे आकडा धरून काय-वर्ग (काय-स्क्वेअर) ही संख्याशास्त्रीय चाचणी चालवली की सगळंच ‘लक्षणीय’ निघतं. त्यापेक्षा प्रत्येकीचं वेगळं प्रमाण काढा, वीस ठिपक्यांचा आलेख करा आणि बघा. बहुधा दिसेल की सरासरी फारसं काही सांगत नाही. काही जणी जवळजवळ नेहमी ‘आलो’, काही जवळजवळ कधीच नाही, आणि मधल्या तीन-चार जणी खऱ्या रोचक. त्या कधी बदलतात, कोण खोलीत आल्यावर बदलतात, हे पुन्हा ऐका. मला विचाराल तर प्रबंधाचं सर्वोत्तम प्रकरण त्या तीन-चार जणींचंच होईल. वयानुसार काहीच फरक दिसला नाही, तर तसं लिहा. फरक नसणं हाही निष्कर्ष असतो.

मग कारणाचा प्रश्न येतो, आणि तिथे कन्नड उभी असते. कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नाही, ‘नानु बंदे’ बाईही म्हणते आणि पुरुषही. कोल्हापूरला कन्नडचा शेजार आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडबद्दल गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली दाखवलं की पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदून मराठी, कन्नड आणि उर्दू यांची वाक्यरचना एकमेकींच्या किती जवळ येऊ शकते, आणि पुढे सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्याच गावात जाऊन ते चित्र पुन्हा तपासलं. हे दोन्ही वाचा, आपल्या भागातलं जगभर वाचलं जाणारं काम आहे. पण त्यावरून ‘कन्नडच्या प्रभावामुळे’ असं एका वाक्यात लिहून टाकू नका. मराठीच्या आतही एक वाट दिसते: ‘आम्ही आलो’मध्ये लिंगभेद नाहीच, आणि ते रूप पुल्लिंगी एकवचनासारखंच आहे. बाई ‘आम्ही आलो’ म्हणतेच, ‘मी आलो’ तिथून आलं असेल का? दोन्ही शक्यतांत निवड करायची तर सीमेलगतची आणि सीमेपासून लांबची गावं, कन्नड जाणणाऱ्या आणि न जाणणाऱ्या बायका अशी तुलना लागेल. ते एम.ए.चं किंवा पीएच.डी.चं काम आहे. प्रबंधात दोन्ही शक्यता मांडा, कोणत्या पुराव्यानं कोणती टिकेल ते सांगा, आणि तिथे थांबा. परीक्षकांना हे संयमाचं लिखाण ओळखता येतं.

काही कारणानं गावी राहणं जमलं नाही, तर वर्गात बसून करता येण्यासारखाही एक विषय आहे: नव्या परकी शब्दांना मराठीत लिंग कसं मिळतं. ईमेल आला, आली की आलं? जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेनं १९५८ मध्ये मुलांना ‘वग’ नावाचा खोटा प्राणी दाखवून त्याचं अनेकवचन करायला लावलं होतं. तसे खोटे शब्द तुम्ही बनवा, वेगवेगळ्या शेवटांचे, चित्रांसोबत दाखवा आणि लोकांना वाक्य पूर्ण करायला सांगा. शब्दाचा शेवट ठरवतो की जवळच्या अर्थाच्या मराठी शब्दाचं लिंग, हे त्यातून पडताळता येतं. चांगला विषय आहे, तरी माझं मत पहिल्याकडेच झुकतं, कारण तिथे तुमच्याकडे आहे ते इतरांकडे नाही.

विभाग नसल्याची काळजी करू नका. मार्गदर्शक मराठीचे किंवा इंग्रजीचे असले तरी चालतं, वर्णनात्मक व्याकरण जाणणारे आणि मसुदा वेळेवर वाचणारे हवेत. पद्धतीच्या अडचणींसाठी डेक्कन कॉलेज किंवा मुंबई विद्यापीठाच्या भाषाविज्ञान विभागातल्या एखाद्या प्राध्यापकांना लिहा. ‘मार्गदर्शन करा’ असं मोघम पत्र नको. अर्ध्या पानाचा प्रश्न, पाच उदाहरणवाक्यं आणि एकच नेमकी शंका पाठवा. उदाहरणं तीन ओळींत द्यायची सवय आत्तापासून लावा: पहिल्या ओळीत वाक्य जसं ऐकलं तसं, दुसरीत प्रत्येक घटकाची फोड, तिसरीत अर्थ. अशी फोड कशी लिहायची हे सांगणारी लाइपझिगची नियमावली यासाठी सगळीकडे वापरतात, काही पानांचीच आहे.

आता लगेच करायचं काम. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघींचंच मुद्रण करा, एक आजीच्या वयाची, एक तुमच्या वयाची, प्रत्येकी अर्धा तास. उतरवा, आणि फक्त ‘मी’ची लिंग दाखवणारी रूपं मोजा. वीसच्या खाली आली तर माणसं वाढवू नका, प्रश्न बदला आणि त्याच दोघींकडे पुन्हा जा. वीसच्या वर गेली तर तोच तक्ता घेऊन जूनमध्ये मार्गदर्शकांना भेटा.